नावातलं ‘नवीन’: तळेगावच्या एका शाळेची गोष्ट

पुणे-लोणावळा लोकलमध्ये कानात हेडफोन घालून हा भाग ऐकत असाल, तर तळेगाव आलं की जरा बाहेर बघा. आजची गोष्ट या गावातली आहे. इथे ‘नवीन समर्थ विद्यालय’ नावाची शाळा आहे. आता ‘नवीन’ म्हटलं म्हणजे आधी कुठली तरी जुनी असणार ना? होती. आणि ती सरकारने बंद पाडली होती.

१९०६ च्या सुमाराची गोष्ट. वंगभंगाची चळवळ पेटलेली. लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि बहिष्कार यांच्या जोडीला राष्ट्रीय शिक्षणही होतं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक राहिलेले विष्णु गोविंद विजापूरकर यांनी ते मनावर घेतलं आणि समर्थ विद्यालय उभं राहिलं. पुढे ते तळेगावात भरू लागलं.

यात एवढं धाडसाचं काय होतं? तेव्हा हायस्कूलमधले बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवत, मॅट्रिकही इंग्रजीतूनच. विजापूरकरांचं म्हणणं साधं होतं: मुलाला विषय समजायला हवा, म्हणून तो मराठीतून शिकवा. आणि पुस्तकांसोबत हाताला कामही शिकवा. त्याच काळात, १९०८ मध्ये, लोकांकडून एकेक पैसा गोळा करणाऱ्या पैसा फंडातून तळेगावातच काच कारखाना सुरू झाला. शाळा आणि कारखाना, दोन्ही एकाच वाऱ्यातून आलेले.

सरकारला हे खुपलंच. विजापूरकर ‘विश्ववृत्त’ हे मासिक चालवत. त्यात पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा एक लेख आला, त्यावर राजद्रोहाचा खटला भरला आणि विजापूरकरांना तीन वर्षांची शिक्षा झाली. १९१० मध्ये समर्थ विद्यालयही बंद केलं गेलं. सुटून आल्यावर त्यांनी पुढे तळेगावातच शाळा पुन्हा उभी केली. ‘नवीन’ हा शब्द तिथून आलाय. मला तर तो शब्द म्हणजे सरकारला दिलेलं उत्तरच वाटतो.

बरं, आता आजचं बोलू. आपल्याकडच्या बहुतेक मराठी माध्यमिक शाळा अनुदानित आहेत. म्हणजे शाळा संस्था चालवते, पण मान्य पदांवरच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं. ही पदं किती, हे दरवर्षी पटावरून ठरतं. याला म्हणतात संचमान्यता. पट घसरला की पद जातं, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि दुसऱ्या शाळेत पाठवला जातो. समजा, गणिताचे सर गेले, तर गणित कोण घेणार? मग पालक म्हणतात, ‘इथे शिकवायला कोणी नाही,’ आणि पट आणखी घसरतो. चक्र सुरू!

मावळात सोसायट्या वाढतायत, पिवळ्या स्कूलबस वाढतायत. इंग्रजी माध्यमात मुलांना घालणाऱ्या आईबापांना मी नावं ठेवणार नाही. नोकरीची धास्ती खरी आहे. पण फी परवडत नाही म्हणून गावातल्या शाळेत येणाऱ्या मुलीचं काय? आरटीईमुळे सहा ते चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा तिचा हक्क आहे. पण नववी-दहावीला ती त्या वयाच्या पुढे गेलेली असते. नेमकी तेव्हाच जवळची शाळा टिकणं तिच्यासाठी महत्त्वाचं असतं.

विजापूरकरांची शाळा एका हुकमाने बंद झाली, म्हणून सगळ्यांना ते दिसलं. आजची शाळा एकेक पद गमावत रिकामी होते. त्याची बातमी होत नाही.

म्हणून एक काम सांगतो. तुमच्या जुन्या शाळेत एकदा जा आणि दोनच प्रश्न विचारा: यंदा पट किती, आणि कुठल्या विषयाला शिक्षक नाही? इंग्रजी किंवा गणित शनिवारी तासभर शिकवता येत असेल, तर मुख्याध्यापकांना तसं सांगा. पैसा फंडात माणशी एक पैसा जमला होता. आपण एक तास देऊन बघू.

भेटू पुढच्या भागात!