जंगलाचा आराखडा कोण लिहिणार?

(युवक शिबिरातलं भाषण)

दोस्तांनो,

तुम्ही झोपडपट्टीतली, चाळीतली पोरं. म्हणाल, जंगलाशी आपला काय संबंध? सांगतो.

नंदुरबार जिल्ह्यात चला. धडगाव, अक्कलकुवा. सातपुड्यातला भिल्ल, पावरा आजापणज्याची जमीन कसतो. सरकारी कागदात त्याचं नाव काय? अतिक्रमणदार! हे नाव इंग्रजाच्या वनकायद्यांनी दिलं. 1878 चा कायदा, मग 1927 चा. रेल्वेच्या रुळाखाली लाकूड पाहिजे होतं, म्हणून जंगल राखीव झालं. इंग्रज गेला, 1927 चा कायदा राहिला. पुढं सरदार सरोवरात मणिबेलीसारखी गावं जंगलासकट बुडाली, तो विकास. आदिवासीनं नांगर धरला, तो गुन्हा!

2006 साली वनहक्क कायदा झाला. ऐतिहासिक अन्याय झाला, असं संसदेनंच त्यात लिहिलं. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसणाऱ्याला 4 हेक्टरपर्यंत हक्क. त्या पट्ट्यासाठी भांडलंच पाहिजे. पण तिथंच थांबू नका. मोह, तेंदू, बांबू हे गौण वनोपज वनवासींच्या मालकीचं, आणि सामूहिक जंगल राखायचा, चालवायचा हक्कही गावाचा. 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या समितीनं जंगलाचा आराखडा करायचा आणि तो वनखात्याच्या कार्य आयोजनेशी जोडायचा. आजवर साहेबानं लिहिलं, पाड्यानं सोसलं. आता पाड्यानं लिहायचं. कुठली कूप राखायची, चराई कुठं बंद, बांबू कधी तोडायचा, हे त्या माणसाला ठाऊक आहे. कागदावर येत नाही, एवढंच.

आता आपला संबंध. 1959 साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, खानदेशातही केला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, हीच मागणी. आज याच कायद्यात बिगर-आदिवासी वनवासीला तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याला गावकुसाबाहेर ठेवलं, त्यानं कागद कुठनं आणायचा? पण त्याच नियमांत म्हाताऱ्याकोताऱ्यांचं तोंडी निवेदन लिहून घेतलं, तर तेही पुरावा धरलं जातं.

म्हणून शिकलेल्या पोरांनो, पाड्यावर जा. पुढारी म्हणून नको, कारकून म्हणून जा. म्हातारी बोलेल ते उतरवा, तिला वाचून दाखवा, ग्रामसभेत ठराव होऊ द्या. शहाणपण त्यांचं, अक्षर आपलं. बाबासाहेबांनी लेखणी हातात दिली ती नुसत्या नोकरीच्या अर्जासाठी नव्हे!

जय भीम.