पिंपरीचं नाव लावणारा जंतू

देशभरातून आलेले डॉक्टर, परिचारिका भगिनी आणि मूत्राशयाच्या कर्करोगाशी झुंजून आज आमच्यात बसलेल्या मंडळींनो,

मारुंजी ग्रामस्थांच्या वतीने आपलं स्वागत. हा मांडव आहे तिथे माझ्या लहानपणी भाताची खाचरं होती. घरात आंबेमोहोर शिजायला लागला की वाटेवरच्या माणसाला वास यायचा. शेजारी हिंजवडीहून वाकडला म्हातोबाचं बगाड हनुमान जयंतीला आजही निघतं. आता भोवती आयटी पार्क आला, टॉवर आले.

पण या पट्ट्याची ओळख सांगायची, तर मी पिंपरीची एच. ए. कंपनी आधी सांगतो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स! १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला, सरकारी मालकीचा देशातला पहिला औषध कारखाना. देशाचं पेनिसिलिन इथे बनलं. तिथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार नावाचे बुरशीशास्त्रज्ञ होते. मातीतल्या एका जंतूपासून त्यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं आणि त्या जंतूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना. आमच्या पिंपरीचं नाव शास्त्राच्या पुस्तकात गेलं, आणि पिंपरीतल्या शाळकरी मुलांना तिरुमलाचारांचं नाव ठाऊक नाही. याची मला खंत आहे. त्यांच्या नावाचा एखादा चौक तरी व्हावा, ही मागणी मी या व्यासपीठावरून करतो.

याचा आपल्या विषयाशी संबंध काय, असं आपल्याला वाटेल. मला तो दिसतो. क्षयासाठी काढलेली बीसीजी लस १९७६ मध्ये कॅनडातल्या डॉ. मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगावर वापरून दाखवली. आज ती आपल्या हडपसरलाही बनते. एका रोगाची लस दुसऱ्या रोगावर औषध ठरली, तेव्हा आपल्या हातून पुढचं काहीतरी इथूनच का निघू नये?

माझ्या अपेक्षा साध्या आहेत. दर काही महिन्यांनी दुर्बीण घालून तपासायचा त्रास लघवीच्या एका तपासणीने टळावा. बीसीजी लागू पडली नाही म्हणून लघवीची पिशवीच काढायची पाळी कमी लोकांवर यावी. जगात बीसीजीचा तुटवडा पडतो, तसा आपल्या पेशंटला पडू नये. आणि रंग, रबर यांच्या कारखान्यांत राबलेल्या आमच्या कामगारांची निवृत्तीनंतरही तपासणी व्हावी. फुक्षिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा आजार होतो, हे जर्मनीतल्या डॉ. रेन यांनी १८९५ सालीच दाखवलं होतं. आमच्याकडे लघवीतून रक्त गेलं की माणूस 'उष्णता झाली' म्हणतो, सब्जाचं पाणी पितो, दुखत नाही म्हणून गप्प राहतो. आणि विडी सुटत नाही. हे गप्प राहणं मोडायला आपण इथल्या बायाबापड्यांशी त्यांच्या भाषेत बोलावं.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. हिंजवडीच्या कोंडीत आपली दीड-दीड तास गाडी अडकली, त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. काहींची सोय दोन गावं पलीकडे करावी लागली, गरम पाणी पहाटे कमी पडलं. मांडवासाठी शेत मोकळं करून देणारे शेतकरी, धान्य आणि तेल देणारे व्यापारी, रात्रभर भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या आयाबहिणी, पाण्याचे टँकर फुकट पाठवणारे तरुण, भजनी मंडळ, ग्रामपंचायत, सगळ्यांचे आभार. ज्यांनी नाव सांगू नका म्हणून बजावलं, त्यांचे तर सर्वांत आधी.

जेवण एक वाजता डाव्या हाताच्या मांडवात आहे. पथ्याचं ताट वेगळं ठेवलंय, आणि प्रसाधनगृह तिथून अगदी जवळ आहे. पेशंट मंडळींनी आधी बसावं.