यंत्र शिक्षकाच्या जोडीला की शिक्षकाच्या जागी?



शाळेच्या वर्गात डिजिटल साधने यावीत की न यावीत, हा वाद आता शिळा झाला आहे. साधने आलेली आहेत. खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवरही आज मोठा पडदा दिसतो आणि शिक्षकाच्या खिशात मोबाईल असतो. पुरोगामी चळवळीने विचारावयाचे प्रश्न त्यापुढचे आहेत. हे साधन शिक्षकाच्या जोडीला आले आहे की त्याच्या जागी? त्याची मालकी कोणाची? आणि ज्या मुलाच्या नावाने ते आणले जाते, त्या मुलापर्यंत ते पोहोचते काय? या प्रश्नांची उत्तरे शोधल्यावाचून केलेले स्वागत भाबडे ठरेल, आणि केलेला विरोधही तितकाच भाबडा ठरेल.

यंत्राच्या आधारे खेड्यात शिक्षण नेण्याचे स्वप्न नवे नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारतात उपग्रह दूरचित्रवाणीचा एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेने वर्षभरासाठी उपलब्ध करून दिलेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांपैकी सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी होते. भारतीय तंत्रज्ञांनी तो प्रयोग समर्थपणे पार पाडला. पण वर्ष संपले, उपग्रह गेला, आणि बहुतेक खेड्यांतला शिक्षक पुन्हा खडू-फळ्यासह एकटा उभा राहिला. साधन पाहुणे म्हणून आले तर ते पाहुण्यासारखेच निघून जाते, हा त्यातला धडा होय.

अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठात वस्तूंचे दोन प्रकारचे संबंध सांगितलेले असतात. चहा आणि साखर या पूरक वस्तू. चहा आणि कॉफी या पर्यायी वस्तू. वर्गातील यंत्र आणि शिक्षक यांचा संबंध यांपैकी कोणता, हा तर्काने सोडवावयाचा प्रश्न नाही. तो प्रत्यक्ष तपासला गेला आहे, आणि तोही आपल्या शेजारच्या गुजरातेत.

अहमदाबादेत गरीब वस्त्यांतील मुलांसाठी चालणाऱ्या ‘ज्ञानशाळा’ या संस्थेच्या वर्गांत संगणकावर गणित शिकविण्याचा कार्यक्रम दोन रीतींनी राबविण्यात आला. काही शाळांत नेहमीच्या तासातून वेळ काढून मुलांना संगणकापुढे बसविले. इतर शाळांत तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर दिला. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडेन यांचे याविषयीचे निष्कर्ष २००८ साली पुढे आले. वेळेबाहेर संगणक वापरणारी मुले प्रमाण विचलनाच्या मापात ०.२८ ने पुढे गेली. तासाच्या ऐवजी संगणक मिळालेली मुले ०.५७ ने मागे पडली. कार्यक्रम तोच, यंत्र तेच. परिणाम मात्र उलट. कारण उघड आहे. त्या वर्गांतले अध्यापन मुळातच विचारपूर्वक बांधलेले होते. मुलाच्या शालेय दिवसाचे तास मोजके असतात. त्यातला एक तास यंत्राला दिला म्हणजे तो कोणाकडून तरी काढून घेतलेला असतो, आणि तो चांगल्या शिक्षिकेकडून काढून घेतला तर तोटाच व्हावयाचा.

पेरू देशाने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली तेथील शासनाने लाखो लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. संगणकांची संख्या दर विद्यार्थ्यामागे एकाहून अधिक झाली होती; गणित आणि भाषा या विषयांतील गुणांत मात्र सुधारणा आढळली नाही. वस्तू वाटणे म्हणजे शिक्षण देणे नव्हे.

म्हणून यंत्र त्याज्य मानावे काय? तसेही नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदे येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेच्या कार्यक्रमांची पाहणी झाली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी ती केली. बडोद्यात चौथीतील मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे याप्रमाणे, गणिताचे खेळ दिले. दुसऱ्या वर्षी त्यांची प्रगती ०.४७ इतकी भरली. खेळांची काठिण्यपातळी मुलाच्या उत्तरांप्रमाणे बदलत होती, हे त्यामागील मर्म होय. पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षक सरासरी मुलाकडे पाहून शिकवितो. मागे पडलेले मूल आणखी मागे पडते. यंत्र न कंटाळता, न रागावता त्या मुलाला त्याच्या पायरीवरून उचलू शकते.

परंतु त्याच पाहणीचा दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. वस्तीतल्याच एखाद्या तरुणीला ‘बालसखी’ म्हणून नेमून तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट दररोज सुमारे दोन तास तिच्याकडे दिला गेला. तिने त्यांना मुळाक्षरांपासून आणि बेरजेपासून शिकविले. या मुलांची सर्वांत अधिक प्रगती झाली, आणि खर्चाच्या हिशेबात बालसखी संगणकापेक्षा कित्येक पटींनी स्वस्त पडली. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात दोन्हींचा लाभ बराचसा ओसरला, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. दोन्ही प्रयोगांत काम केले ते एकाच कल्पनेने: मूल जेथे आहे तेथून सुरुवात करा. ती कल्पना संगणकातून आलेली नाही. संगणक हे तिचे एक वाहन आहे, माणूस हे दुसरे.

नव्या कल्पनांची महाराष्ट्राला वाण नाही. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. मुलांशी बोलण्याचे त्या काळी हाताशी असलेले माध्यम त्यांनी वापरले. कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना आदिवासी मुले गुरे राखण्यासाठी कुरणात जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ हा शब्द त्यातून रूढ झाला. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांतून विज्ञानशिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. मुलांनी स्थानिक, स्वस्त साहित्यातून स्वतः प्रयोग करावेत आणि स्वतः निष्कर्ष काढावेत, ही त्याची रीत होती. पुढे तो कित्येक जिल्ह्यांत पसरला. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. तो बंद पाडावयास उपकरणांची उणीव कारण झाली नाही. शासनाचा निर्णय पुरेसा होता.

याच परंपरेत सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे काम पाहिले पाहिजे. त्या शाळेत मुलांची घरची भाषा पुस्तकांच्या भाषेहून वेगळी होती. त्यांनी पाठ्यपुस्तके मुलांच्या भाषेत उतरविली आणि पानापानावर क्यूआर कोड छापून कविता, ध्वनिफिती व चित्रफिती पुस्तकाशी जोडल्या. २०१७ साली राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड देण्याचे ठरविले. २०२० साली त्यांना दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वृत्तपत्रांनी कोडचे कौतुक केले. वस्तुतः नवलाची गोष्ट वेगळी होती. शिक्षकाने आधी मुलाची भाषा ओळखली आणि मग यंत्र हाती घेतले.

आता तिसरा प्रश्न. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली. त्यापूर्वीच्या, २०१७-१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार संगणक असलेली कुटुंबे ग्रामीण भागात शेकडा ४ च्या आसपास होती, शहरी भागात शेकडा २३. इंटरनेटची सोय खेड्यात शेकडा १५ कुटुंबांना, शहरात शेकडा ४२ कुटुंबांना होती. या पायावर ऑनलाइन शिक्षणाची इमारत उभी राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित कुटुंबांच्या सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले शेकडा ८ होती; मुळीच न शिकणारी शेकडा ३७. त्याच वर्षीच्या ‘असर’ पाहणीप्रमाणे दोन तृतीयांश मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतल्या चौथ्या हिश्शाहून अधिक मुलांच्या हाती तो येतच नव्हता. बाप फोन घेऊन कामावर जातो; मूल कोऱ्या वहीपुढे बसते. साधनांची विषमता ही अशी घराच्या आतपर्यंत पोहोचते.

या पोकळीत बाजार शिरला. बायजूज या कंपनीचे मूल्य २०२२ साली २२ अब्ज डॉलर मानले जात होते. हप्त्यांवर शिकवणी विकण्याच्या तिच्या पद्धतीविषयी पालकांच्या तक्रारी झाल्या, आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. सार्वजनिक कार्य सट्ट्याच्या भांडवलावर सोपविले म्हणजे काय होते, याचे हे ताजे उदाहरण आहे.

दुसरा मार्ग केरळने दाखविला. तेथे २००१ साली ‘आयटी अॅट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला. एका कंपनीच्या मालकीची प्रणाली शाळांवर लादली जाऊ नये म्हणून शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते आग्रहाने उभे राहिले, आणि राज्याने मुक्त प्रणाली स्वीकारली. शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, पुढे सुमारे ४५ हजार वर्ग सुसज्ज झाले. १ जून २०२० रोजी शासनाच्या स्वतःच्या वाहिनीवरून पाठ सुरू झाले तेव्हा सुमारे अडीच लक्ष मुलांकडे दूरचित्रवाणी किंवा इंटरनेट नव्हते. अशा मुलांसाठी वाचनालये आणि सार्वजनिक जागांतून सामूहिक पाठांची सोय करण्यात आली. केरळातही उणिवा राहिल्या. पण साधनाची मालकी समाजाची असली की उणीव भरून काढण्याची जबाबदारीही कोणावर तरी येते, एवढे तेथे दिसले.

आपल्याकडे काय आहे? २०२३-२४ च्या शासकीय आकडेवारीनुसार देशातील शेकडा ५७ शाळांत संगणक आणि शेकडा ५४ शाळांत इंटरनेट होते. महाराष्ट्रात वीजबिल थकल्याने शाळांची जोडणी तुटल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. शिक्षकाच्या हातातील फोन वर्गापेक्षा कचेरीच्या अधिक उपयोगी पडतो. पट, पोषण आहार, प्रशिक्षण, छायाचित्रे यांची माहिती भरण्यात त्याचा अध्यापनाचा वेळ जातो. आणि २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळांचे प्रस्ताव मागविण्यात आले. जेथे शिक्षक कमी करावयाचा आहे, तेथे पडदा फार सोयीचा असतो. धोका आहे तो येथे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी सांगितले की, सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्च वरच्या वर्गाच्या पदरी पडतो. कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ६ इतका खर्च शिक्षणावर व्हावा असे १९६६ साली सुचविले. २०२० च्या धोरणातही तोच आकडा पुन्हा लिहावा लागला. तेव्हा ‘पैसा नाही म्हणून यंत्र’ हा युक्तिवाद मान्य करता येत नाही. यंत्रही पैशानेच येते. कोणाचे वेतन वाचवून ते येते, एवढेच विचारावयाचे.

कार्यकर्त्याने काय करावे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक अनुदानित आणि शासकीय शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक केले आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि सभासदांत निम्म्या स्त्रिया. या समितीत ऊसतोड मजुराची बायको असेल, तर तिच्याबरोबर बैठकीस जावे आणि साधे प्रश्न विचारावेत. पडदा आठवड्यातून किती तास चालतो? वीजबिल कोण भरते? कार्यक्रम मुलांच्या भाषेत आहेत काय? तिसरीतील कोणत्या मुलांना अजून वाचता येत नाही, आणि त्यांच्यासाठी रोजचा वेगळा तास कोण घेते? शिक्षकाचे रिकामे पद किती महिने रिकामे आहे?

शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. रिकाम्या खुर्चीपुढे लावलेला पडदा कितीही मोठा असला तरी, वाचता न येणारे मूल त्यातून कोणते, हे त्याला ओळखता येत नाही. ते ओळखणाऱ्या माणसाच्या हाती उत्तम यंत्र देण्याची मागणी चळवळीने करावी, आणि तो माणूस आधी नेमला जावा यासाठी लढावे.