बोस्टनची चिनी वस्ती : जमीन, घर आणि आरोग्य

वस्तीच्या आरोग्याचा विषय निघाला की दवाखाना, औषधे आणि लस यांची आठवण प्रथम होते. परंतु वस्तीच्या कडेने कोणता रस्ता नेला, मोकळ्या जागेवर काय बांधले आणि घरभाडे किती वाढले, यांवरही तेथील माणसांची प्रकृती अवलंबून असते. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या चिनी वस्तीला हे फार मोठी किंमत देऊन कळले.

ही वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. भरतीच्या पाण्याखालची दलदल बुजवून केलेली जमीन, शेजारी आगगाड्यांचा गोंगाट आणि भोवती कारखाने अशी ती जागा होती. सुस्थितीतील लोकांना जी जागा नको होती, तीच या स्थलांतरितांच्या वाट्यास आली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. तो कायदा १९४३ मध्ये रद्द होईपर्यंत ही वस्ती बव्हंशी एकट्या पुरुषांची होती. पुढे बायकामुले येऊ लागली, वस्ती कुटुंबांची झाली आणि नेमक्या त्याच सुमारास तिच्यावर कुदळ चालू लागली.

१९५० नंतरच्या दशकात शहराच्या मध्यातून उन्नत महामार्ग काढण्यात आला. चिनी व्यापाऱ्यांच्या संघाने मोठ्या हौसेने बांधलेली नवी इमारत पुरती जुनी होण्याआधीच तिचा एक भाग या मार्गासाठी पाडावा लागला. १९६० नंतर दुसरा महामार्ग आला आणि हडसन रस्त्याच्या एका बाजूची घरे ओळीने नाहीशी झाली. १९७४ मध्ये शहराने अश्लील करमणुकीचे धंदे एकाच भागात मर्यादित केले, तो भागही या वस्तीच्या उंबरठ्यावरच. याच काळात शेजारचे मोठे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय विस्तारत गेले. अखेर वस्तीतील सुमारे एक-तृतीयांश जमीन या संस्थांकडे गेली. इतकी मोठी आरोग्यसंस्था दाराशी असूनही चिनी भाषा जाणणाऱ्या वैद्यकीय सेवेसाठी रहिवाशांना १९७२ मध्ये स्वतंत्र ‘साउथ कोव्ह’ आरोग्य केंद्र उभारावे लागले, ही बोलकी गोष्ट आहे.

ओक रस्त्यावरच्या ज्या छोट्या जागेवरून मोठा संघर्ष झाला, ती ‘भूखंड सी’ या नावाने ओळखली जाते. ती लोकोपयोगासाठी ठेवण्याचे आश्वासन वस्तीला मिळालेले होते. असे असता १९९३ मध्ये रुग्णालयाने तेथे ४५५ मोटारींचा वाहनतळ बांधण्याची योजना मांडली आणि शहराला २० लक्ष डॉलर देऊ केले. रुग्णांना व डॉक्टरांना मोटारी उभ्या करण्यास जागा हवी, ही अडचण खोटी नव्हती. परंतु शेजारीच लहान मुलांचे पाळणाघर होते, भोवती दाट घरे होती आणि दोन महामार्गांचा धूर अगोदरच होता. वस्तीची प्रतिनिधी म्हणून शहराने मान्य केलेल्या परिषदेनेही या योजनेस संमती दिली. रहिवाशांना याचेच विशेष दुःख झाले.

मग रहिवाशांनी स्वतःच मतदान घेण्याचे ठरविले. त्याला कायद्याचे बळ नव्हते. तरी ते नीट व्हावे म्हणून बाहेरच्या संस्थेची देखरेख ठेवण्यात आली. सप्टेंबर १९९३ मध्ये मते मोजली गेली, तेव्हा वाहनतळाच्या विरुद्ध १,६९२ आणि बाजूने केवळ ४२ मते पडली. ग्रामसभेत हात वर करणाऱ्या माणसांची संख्या किती बोलते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या आकड्यांचा अर्थ सांगावयास नको. त्याचबरोबर पर्यावरणावरील परिणामांचा पूर्ण अहवाल झाल्यावाचून पुढे जाऊ नये, हा आग्रह रहिवाशांनी राज्य शासनाकडे धरला. ऑक्टोबर १९९४ मध्ये वाहनतळाची योजना मागे घेण्यात आली.

त्या जागेवर २००४ मध्ये उंच इमारत उभी राहिली. तिच्यात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशी घरे आली, तशी बाजारभावाची महाग घरेही आली. जिंकलेल्या जागेतही तडजोड करावी लागली, हे लपविण्यात अर्थ नाही.

कारण तोवर संकटाचे रूप पालटले होते. आता कुदळीऐवजी भाव माणसांना हलवू लागला. जवळपास आलिशान मनोरे उठले, जुन्या विटांच्या चाळवजा घरांचे मोल चढले आणि काही घरे पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने दिली जाऊ लागली. २०१० च्या जनगणनेत या वस्तीतील आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण निम्म्याहून कमी भरले. घर दूर गेले की ओळखीचा डॉक्टर, स्वभाषेतील औषधविक्रेता आणि म्हाताऱ्यांना चालत जाता येईल असा बाजार, सर्वच दूर जातात. शहराने २०१८ मध्ये अल्पमुदतीच्या भाड्यांवर निर्बंध घातले. त्याआधी, २०१५ मध्ये, रहिवाशांनी जमीन-विश्वस्त संस्था स्थापन केली होती. अशा पद्धतीत जमीन संस्थेकडे राहते, केवळ घर विकले जाते, आणि तेही ठरलेल्या मर्यादेतच पुन्हा विकता येते. त्यामुळे जमिनीच्या भावाचा भडका घराच्या किमतीस लागत नाही.

हवेचा प्रश्नही रहिवाशांनी सोडला नाही. २००८ पासून टफ्ट्स विद्यापीठाचे संशोधक आणि वस्त्यांतील संघटना यांनी मिळून महामार्गालगतच्या हवेतील अतिसूक्ष्म कणांचे मोजमाप केले. ज्या विद्यापीठाच्या विस्ताराशी पूर्वी झगडा झाला, त्याचेच संशोधक आता लोकांबरोबर काम करीत होते. महामार्गाजवळ हे कण अधिक आढळले. त्यांचा संबंध रक्तातील दाह दाखविणाऱ्या घटकांशीही दिसून आला.

हडसन रस्त्याची गेलेली बाजू मोकळी झाली ती महामार्गाची फेररचना झाल्यावर. २०१५ मध्ये तेथे पुन्हा घरे झाली, आणि त्यांतील काही परवडणाऱ्या दराची आहेत. महामार्ग मात्र अजून शेजारीच वाहतो. म्हणून अशा घरांत हवा गाळून आत घेणारी यंत्रणा बसविणे, हा आता तेथे बांधकामाचा तसाच आरोग्याचाही प्रश्न झाला आहे.