जमिनीखालचें झाड

झाडाविषयीं बोलतांना आपण फुलाफळांचें व सावलीचें कौतुक करतों. मुळांची आठवण होते ती झाड उन्मळून पडल्यावर. माझ्या बाबतींत तर ती त्याहूनही उशीरां झाली. आमच्या शाळेच्या आवारांत एक जुना कडुनिंब होता. पावसाळ्यांत चिखल होतो, तेव्हां थेट खोडापर्यंत सिमेंटचा कोबा करावा, असा विचार निघाला. शास्त्राचे धडे मजकडे असल्यामुळें माझें मत विचारण्यांत आलें. "मुळें खोल असतात, वरच्या कोब्यानें त्यांचें काय बिघडणार?" असें मीं खुशाल सांगून टाकलें. तिसऱ्या वर्षीं शेंडे वाळूं लागले आणि पांचव्या वर्षीं झाड तोडावें लागलें. ती टोचणी मनांत राहिली, म्हणून मी पुन्हां पुस्तकें उघडलीं.

रोपाचें सोटमूळ सरळ खोल जातें हें खरें. परंतु मोठ्या झाडाचीं अन्नपाणी शोषणारीं बहुतेक बारीक मुळें जमिनीच्या वरच्या दीडदोन फुटांतच असतात, आणि फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर पसरतात. याचें एक मोठें कारण हवा. मुळें श्वसन करतात. मातीच्या कणांमधील पोकळींतला प्राणवायु त्यांना हवा असतो. वर कोबा घातला कीं पाणी मुरत नाहीं, हवा खेळत नाहीं. कुंडींतली तुळस अति पाण्यानें मरते तीही बहुधा अशीच गुदमरून. खाडीच्या चिखलांत प्राणवायु दुर्मिळ, म्हणून तेथें तिवराचें झाड आपलीं श्वासमुळें पेन्सिलींसारखीं चिखलाबाहेर उभीं काढतें. आमच्या कडुनिंबाला ती विद्या कोठून असणार!

शोषणाचें मुख्य काम मुळांच्या टोंकांमागील सूक्ष्म केसांचें. अमेरिकेंत हॉवर्ड डिटमर या संशोधकानें राय नांवाच्या धान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाचीं मुळें मोजून १९३७ सालीं हिशेब प्रसिद्ध केला. एक फूट लांबरुंद आणि २२ इंच खोल अशा पेटींतलें तें रोप. पण त्याच्या मुळांची एकूण लांबी भरली सुमारें ३८७ मैल! आगगाडीनें मुंबईहून पुण्यास तीन वेळां जावें, तरी ती सरत नाहीं. केसांची लांबी याखेरीज, आणि ती ६,००० मैलांच्या वर. हे केस इतके नाजूक कीं रोप उपटतांच तुटतात, म्हणूनच मातीच्या गड्ड्यासह लावलेलें रोप तगतें व ओढून काढलेलें माना टाकतें.

आणखी एक कबुली. झाड माती खाऊन वाढतें, असेंच मी मुलांना कित्येक वर्षें सांगत असें. व्हॅन हेल्मॉंट यानें २०० पौंड सुक्या मातींत ५ पौंडांचें वाळुंजाचें रोप लावून पांच वर्षें नुसतें पाणी घातलें. झाड १६९ पौंडांचें झालें. माती घटली अवघी दोन औंस! सर्व पाण्यापासूनच झालें, असा निष्कर्ष त्यानें काढला. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं तो प्रसिद्ध झाला. तोही चुकलाच. झाडाच्या शुष्क भागाचा मोठा वांटा हवेंतील कर्बवायूपासून येतो. मात्र तीं दोन औंस क्षुल्लक नव्हेत. नत्र, स्फुरद, पालाश हीं मुळांनीं वेंचून आणलीं नाहींत, तर वरचा सारा कारखाना बंद पडेल.

मुळांच्या आधारावर झाड किती जगूं शकतें, तें हावड्याजवळील शिबपूरच्या वनस्पति-उद्यानांतल्या वटवृक्षाकडे पहावें. त्याचें मूळ खोड बुरशीनें किडल्यामुळें १९२५ सालीं काढून टाकलें. जमिनींत रुजलेल्या हजारों पारंब्यांवर तो वृक्ष आजही विस्तारत आहे.

आमच्या वाड्यांतल्या आंब्याभोंवतीं मध्यंतरीं फरशी घालण्याचें ठरलें. या खेपेस मीं मत विचारण्याची वाट पाहिली नाहीं. खोडाभोंवतीं जमेल तितकी माती मोकळी ठेवावी व पुढील फरशी सिमेंटवांचून वाळूवर बसवावी, असें गवंड्यास जाऊन सांगितलें. तो हंसला, पण ऐकलें. गेल्या पावसांत त्या फरशीच्या सांध्यांतून पाणी मुरतांना मी ओसरीवरून बराच वेळ पहात बसलों होतों.