हक्क मागणाऱ्या बायांचा आनंद

(रामदासपेठ, नागपूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



दलित स्त्रीचं नेतृत्व म्हटलं की आपण तिच्या सोसण्याबद्दल बोलतो. सोसणं होतंच. पण नागपुरात चळवळ उभी करणाऱ्या बायांना नुसत्या दुःखाच्या खात्यात मांडणं, हा त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे. त्यांना कामात आनंद होता आणि त्या आनंदानंच माणसं जोडली गेली, असं माझं म्हणणं आहे.

उमरेडच्या जाईबाई चौधरी नागपूर-कामठी रस्त्यावर ओझी वाहायच्या. मिशनऱ्यांच्या मदतीनं शिकून त्या शिक्षिका झाल्या. ‘अस्पृश्य’ बाई शिकवते म्हणून पालकांनी गहजब केला आणि नोकरी गेली. जाईबाईंनी १९२२ मध्ये चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळाच काढली. ज्या वर्गात आपल्याला नाकारलं, त्याहून मोकळा वर्ग दुसऱ्यांच्या लेकींसाठी उघडण्यात केवढं समाधान असेल!

हीच वाट अमेरिकेतही एका बाईनं तुडवली. मेरी मॅक्लिऑड बेथ्यून कृष्णवर्णीय, आईवडील गुलामीतून सुटलेले. १९०४ मध्ये फ्लोरिडात त्यांनी दीड डॉलर आणि पाच मुली एवढ्या बळावर शाळा सुरू केली. रताळ्याचे गोड पदार्थ विकून ती चालवली. पुढे १९३५ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली.

आपल्याकडे अशा परिषदेचा दिवस आला २० जुलै १९४२ ला. नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षपदी सुलोचनाबाई डोंगरे, समोर हजारो बाया. तो समुदाय पाहून झालेला आनंद बाबासाहेबांनी भाषणात बोलून दाखवला. आणि ठराव किती नेमके! घटस्फोटाचा हक्क हवा. बहुपत्नीत्व बंद व्हावं. गिरण्यांत बायांवर देखरेखीला बाईच असावी. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथल्या कामगार स्त्रियांना वर्षाला २१ दिवसांची नैमित्तिक रजा मिळावी. यातल्या पहिल्या दोन गोष्टी हिंदू विवाह कायद्यात यायला १९५५ साल उजाडलं. म्हणजे या बाया कायद्याच्या तेरा वर्षं पुढे होत्या.

एकटीची तक्रार हजारो जणींची मागणी होते, तेव्हा भीती ओसरते. पुढारी बाईचा आनंद तो हाच. मागणी नेमकी असली की तो टिकतो, नाहीतर सभेबरोबर विरून जातो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात या बाया आपल्यापुढे उभ्या केल्या. त्यांना हार घालून आपली सुटका नाही.

या रामदासपेठेतल्या घरांत आणि दवाखान्यांत रोज सकाळी कामाला येणाऱ्या बायांपैकी कितीजणींना भरपगारी रजा आहे? हे आजच घरी विचारा. रजा नसेल तर उद्यापासून द्या. आणि त्या बाया एकत्र बसून काही मागू लागल्या, तर त्यांच्यासाठी सभागृह उघडून द्या. अध्यक्षपद मात्र त्यांच्यातल्याच एकीला घेऊ द्या.