बाभळीचे कूळ आणि मूळ
(वसंत व्याख्यानमालेत तंजावूर येथे दिलेले व्याख्यान)



तंजावूरच्या मराठी मंडळींपुढे उभे राहायचे, तर सरस्वती महालातल्या पोथ्या किंवा सरफोजीराजांचा धन्वंतरी महाल असा भारदस्त विषय हवा. मी बोलणार आहे बाभळीवर. तुमचे तमिळ शेजारी जिला करुवेलम म्हणतात, ती ही. ‘बाभळी काढा’ असा पुकारा तमिळनाडूत अधूनमधून होतो आणि कुऱ्हाड भलत्याच झाडावर पडण्याचा धोका असतो. कूळ आणि मूळ ठाऊक असले की तो टळतो. आज मला एवढेच सांगायचे आहे.

आधी कूळ पाहू. १७५३ साली लिनियसने बाभळीला मिमोसा निलोटिका हे नाव दिले. त्याचाच शिष्य योहान गेरहार्ड कोनिग १७६८ मध्ये इथून जवळच्या तरंगमबाडीला, डॅनिश वसाहतीत, वैद्य म्हणून आला. या किनाऱ्यावरच्या वनस्पतींचा लिनियसच्या पद्धतीने अभ्यास सुरू झाला तो तेव्हापासून. पुढे बाभूळ अकेशिया या प्रजातीत गेली. नुसती गेली नाही, तर त्या प्रजातीचा नमुना म्हणून तीच मानली गेली. पण या प्रजातीतल्या बहुसंख्य जाती ऑस्ट्रेलियातल्या. प्रजातीचे तुकडे करायची वेळ आली तेव्हा २००५ च्या व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्र परिषदेने अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियन झाडांकडे ठेवले. २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झाले. जिच्यावरून प्रजाती ठरली होती, तिलाच घर सोडावे लागले!

नवे घर मात्र आपल्याच मुलखातून मिळाले. बाभूळ आज वॅचेलिया निलोटिका आहे. वॅचेलिया ही प्रजाती १८३४ मध्ये रॉबर्ट वाइट आणि वॉकर-आर्नॉट यांनी दक्षिण भारताच्या वनस्पतींवरील ग्रंथात मांडली होती. हा वाइट मद्रास सरकारचा डॉक्टर. १८२८ मध्ये त्याचे निसर्गअभ्यासकाचे पद रद्द झाले आणि त्याची रवानगी नागपट्टणमला झाली. तिथेही त्याने वनस्पती गोळा करणे सोडले नाही. त्याच्यासाठी झाडांची चित्रे काढणारे रंगय्या आणि गोविंदू हे इथलेच कलावंत.

२०१७ मध्ये शेंगावर्गीय कुळाची सहा उपकुलांत फेरमांडणी झाली. त्यामुळे बाभूळ आणि पिवळ्या फुलांचा तरवड, म्हणजे तमिळ आवारम, एकाच उपकुलात आले. चिंच दुसऱ्या उपकुलात गेली. कातडी कमावणाऱ्यांनी मात्र बाभूळ आणि तरवड यांना कधीच वेगळे मानले नव्हते. दक्षिणेतल्या चर्मोद्योगाचा मोठा भार तरवडाच्या सालीने वाहिला, आणि उत्तरेत व महाराष्ट्रात बाभळीच्या.

आता मूळ. आफ्रिका, अरबस्तान आणि सिंधपासून भारतापर्यंतचा कोरडा पट्टा हे बाभळीचे माहेर. आपली उपजाती इंडिका. हीच बाभूळ १८९० च्या दशकात सावलीसाठी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला नेली, आणि तिथल्या गवताळ कुरणांत ती एवढी माजली की सरकारने तिला राष्ट्रीय महत्त्वाचे तण ठरवले. झाड मुळात वाईट नसते. कुठे आणि कशासाठी लावले, यावर सारे ठरते.

उपयोग सांगायचे तर कोल्हापुरी चपलेपासून सुरुवात करू, कारण तिचे कातडे बाभळीच्या सालीने कमावतात. बाभळीच्या सालीत साधारण १२ ते २० टक्के टॅनिन असते. कातडे चुन्यात भिजवायचे, केस काढायचे, मांस खरवडायचे. मग ते पिशवीसारखे शिवून टांगायचे आणि आत साल व हिरड्याचे पाणी ओतायचे. झिरपलेले पाणी पुन्हा वर ओतायचे. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरते, म्हणून ते सडत नाही. नुसत्या बाभळीने चामडे काळपट आणि कडक होते. हिरडा ते मवाळ करतो. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिवाय डिंक, दातवण, शेळ्यांना शेंगा, नांगराला आणि बैलगाडीच्या चाकाला लाकूड. पाणी साचले तरी बाभूळ तग धरते, म्हणून १९८१ पासून स्वीडनच्या मदतीने चाललेल्या सामाजिक वनीकरणात तमिळनाडूतल्या तलावांच्या काठी ती मुद्दाम लावली.

आणि इथेच घोटाळा होतो. तमिळमध्ये जिला सीमै करुवेलम म्हणतात ती विलायती बाभूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडची. भारतात ती १८७७ च्या सुमारास आली. ती बाभळीची सख्खी बहीण नाही. परवापरवापर्यंत ती शमीच्या प्रजातीत होती. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला वेगळे काढले. दसऱ्याची शमी आपली राहिली, ही परकी ठरली. ती उपटण्याचे आदेश २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानेही दिले होते.

ओळखायची खूण सोपी आहे. बाभळीचे फूल पिवळ्याधमक गोंड्यासारखे गोल, विलायतीचे फिकट हिरवट-पिवळे, लांबट तुऱ्याचे. बाभळीचे काटे जोडीने येतात, सरळ आणि पांढुरके. आणि शेंग पाहा: बाभळीची करड्या लवेची, दोन बियांमध्ये आवळलेली, ओवलेल्या माळेसारखी, विलायतीची पिवळसर आणि गुळगुळीत, ती अशी आवळलेली नसते. या दोघी एकाच माळेचे मणी नव्हेत.

म्हणून माझी विनंती. तुमच्या गावात, शेताच्या बांधावर किंवा तलावाच्या काठी बाभळी काढायचे ठरेल तेव्हा आधी शेंग हातात घेऊन पाहा, पोरांनाही दाखवा. विलायती असेल तर खुशाल मुळासकट काढा. माळेची शेंग दिसली, तर ते झाड राखा.